पहिलाच डॉग शो, कारवान नर, वय १४ महिने: रिंगच्या आत-बाहेर कसं वागायचं?

माळरान

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका केसीआय (केनल क्लब ऑफ इंडिया) शोला आमच्या कारवानाची, म्हणजे कारवान हाउंड या शिकारी जातीच्या कुत्र्याची, एन्ट्री दिली आहे. ज्युनिअर क्लास. चिप बसवलेली आहे, कागद माझ्या नावावर झालेत. अंगणात उभं राहणं, पट्ट्यावर सरळ पळणं बऱ्यापैकी जमतं. पण व्हिडिओ बघावेत तर सगळे परदेशातल्या हॉलमधले, खाली गालिचा, शांत माणसं. इथे मैदान, मांडव, माईक आणि गर्दी. लातूरहून यायचं असल्यानं आधी एखादा शो नुसता बघून येणंही जमणारं नाही.

जजशी किती बोलायचं? खाऊ हातात धरायचा का, की त्यानं शेजारच्या कुत्र्याचं लक्ष जातं? हा चावत नाही, पण परक्या माणसानं वरून हात घातला की मागं सरतो, आणि तोंडाला हात लावू देत नाही. शिवाय आमचा क्लास झाला की लगेच निघालो तर चालतं का? मुक्काम करायचा नाही. बक्षिसाची फार आशा नाही, फक्त आपल्यामुळे दुसऱ्याचा कुत्रा बिघडला असं व्हायला नको.

---

रिंगसाइड

शोमधले बहुतेक अलिखित नियम दोनच गोष्टींसाठी आहेत: दुसऱ्याच्या कुत्र्याची जागा आणि जजचा वेळ. एका कुत्र्याला जजकडून जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. ती कुणाची खाल्ली जाऊ नयेत, बस्.

आधी वेळेचं. शेड्यूलवर तुमच्या रिंगला साडेनऊ लिहिलं असेल तर ती रिंग सुरू होण्याची वेळ. कारवानाची नव्हे. जाती ठरलेल्या क्रमानं येतात, आणि आधीच्या जातींतली चार-पाच कुत्री गैरहजर निघाली की तुमचा पुकारा दहा-पंधरा मिनिटं आधीच होतो. म्हणून दीड तास आधी मैदानात. टेबलावरून नंबर आणि कॅटलॉग घ्या आणि तिथल्या तिथे कॅटलॉगमधलं कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, क्लास ताडून बघा. चूक असली तर तेव्हाच ऑफिसात सांगा. रिंगमध्ये उभं राहून स्टुअर्डला (जजच्या मदतनिसाला) सांगून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नसतं आणि मागची सगळी रांग खोळंबते.

नंबर डाव्या दंडाला. कारण असं की रिंगमध्ये सगळे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, कुत्रा डाव्या हाताला, जज मध्यभागी. म्हणजे तुमचा डावा दंड कायम जजकडे असतो. याच कारणानं कुत्रा नेहमी तुमच्या आणि जजच्या मध्ये हवा. वळताना नवखी माणसं हमखास स्वतःच मध्ये येतात आणि जजला कुत्र्याऐवजी त्यांचा शर्ट दिसतो.

तुमच्या आधीचे दोन-तीन क्लास दोरीबाहेर उभं राहून नीट बघा. हा जज आधी सगळ्यांना एक फेरी मारायला लावतो की थेट तपासायला घेतो, त्रिकोणात पळवतो की सरळ जाऊन-येऊन, परत आल्यावर कुत्रा कुठे उभा करायला सांगतो, हे दिवसभर सहसा तसंच राहतं. आत गेल्यावर “सर, कसं पळू?” विचारावं लागलं नाही तर तेवढं अर्धं मिनिट तुमच्याच कुत्र्याच्या पदरात पडतं.

आता अंतर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रांगेत उभं राहताना पुढच्या कुत्र्याच्या शेपटीपासून तुमच्या कुत्र्याच्या नाकापर्यंत एक अख्खा कुत्रा आडवा मावेल एवढी जागा, दीड ते दोन मीटर. फेरीला निघताना पुढचा चार-पाच मीटर गेल्यावर मग पाऊल उचला. कारवान लांब ढांगांचा, पुढच्याला सहज गाठतो. मागून पावलं वाजली की पुढचा कुत्रा मान वळवतो, चाल तुटते, दुडकी सोडून उड्या मारायला लागतो, आणि जज नेमकं तेव्हाच बघत असतो. जवळ आलात तर वेग कमी करा, आतून ओव्हरटेक मारू नका, कोपरा कापू नका. तुम्ही रांगेत पहिले असाल तर निघण्याआधी मागे वळून नुसतं “निघू?” विचारायचं. मागचा अजून पट्टा गोळा करत असतो बऱ्याचदा.

रांगेत कुत्रा उभा करताना सगळ्यांच्या ओळीत. एक पाऊल पुढे सरकून उभं राहिलं की मागच्या कुत्र्याचा पुढचा भाग झाकला जातो. जुनी खोड आहे ही, काही मुरलेले हँडलरही (रिंगमध्ये कुत्रा धरणारे) करतात. तुमच्यावर कुणी केली तर भांडायचं नाही, आपला कुत्रा घेऊन अर्धा मीटर मागे सरकायचं आणि मोकळ्या जागेत नव्यानं उभा करायचा.

खाऊ चालतो, सगळेच वापरतात. कोंबडीची कलेजी उकडून, पाणी पूर्ण निथळून, कमी आचेवर तव्यावर कोरडी करा आणि हरभऱ्याएवढे तुकडे करा. एका क्लासला आठ-दहा पुरतात. तेलकट किंवा भुगा पडणारं काही नको. जमिनीवर तुकडा पडला तर लगेच उचला. तो तिथे राहिला की तुमच्यामागचा प्रत्येक कुत्रा त्याच ठिकाणी नाक खाली घालणार. खाऊ उंच धरून हलवायचा नाही, आपल्या कुत्र्याच्या नाकासमोर मुठीत. वाजणारी खेळणी पहिल्या शोला खिशातसुद्धा नकोत. शेजारचा कुत्रा जजच्या हाताखाली असताना तुमच्या खिशातून चूं आवाज आला तर ते माफ होत नाही.

जजशी बोलणं: “गुड मॉर्निंग”, आणि विचारलं तर वय. वय महिन्यांत, “फोर्टीन मंथ्स”. बऱ्याचदा जज परदेशी असतात, इंग्रजीत सांगायची सवय ठेवा. बाप चॅम्पियन आहे, मागच्या शोला काय मिळालं, काल गाडीत उलटी केली, यातलं काही बोलायचं नाही. आधीची बक्षिसं सांगणं तर सरळ दबाव टाकणं झालं. एन्ट्री दिल्यापासून शो होईपर्यंत त्या जजला फेसबुकवर रिक्वेस्टही पाठवू नका. आणि कुत्रा त्याच जजच्या घरचा, त्यानं पैदास केलेला असेल तर त्या शोला एन्ट्रीच देऊ नये. नियमाआधी ही लाजेची गोष्ट आहे.

लगेच निघण्याबद्दल: पहिला आलात तर नाहीच. ज्युनिअर जिंकलेला नर बाकीच्या क्लासमध्ये जिंकलेल्या नरांबरोबर चॅलेंज सर्टिफिकेटसाठी (चॅम्पियन व्हायला लागतं ते) परत आत जातो. दुसरा आलात तरी थांबा. तुमच्या क्लासच्या पहिल्याला सर्टिफिकेट मिळालं तर रिझर्व्ह, म्हणजे त्याखालच्या सर्टिफिकेटसाठी दुसऱ्याला बोलावलं जाऊ शकतं, आणि तेव्हा स्टुअर्ड पार्किंगपर्यंत हाका मारत येत नाही. कारवानात सर्वोत्तम ठरलात तर ग्रुपसाठी, म्हणजे सारख्या प्रकारच्या जातींच्या विजेत्यांमधल्या फेरीसाठी, संध्याकाळपर्यंत थांबायचं. आपली जात जिंकून ग्रुपला न येणं हा आयोजकांचा आणि ज्यांना हरवलंत त्यांचाही अपमान समजला जातो. म्हणून रात्रीची गाडी उशिराचीच धरा.

---

तीन_लॅब

वरचं सगळं रिंगच्या आतलं. भांडणं होतात ती मांडवात.

रिंगच्या दोरीला लागून क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) मांडू नका. ती जागा आत जाणाऱ्या-येणाऱ्यांची. क्रेट मागच्या रांगेत, दार भिंतीकडे किंवा स्वतःच्या खुर्चीकडे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याशी नजरानजर होत नाही. रिंगच्या प्रवेशापाशी फक्त ज्याचा पुढचा नंबर तोच उभा राहतो. तिथं घोळका करून गप्पा मारणाऱ्यांमुळे आतून बाहेर येणारा आणि बाहेरून आत जाणारा कुत्रा समोरासमोर अडकतात आणि पेटतं.

नर आहे, तेव्हा मांडवाचा बांबू, दुसऱ्याच्या क्रेटवरची चादर, ग्रूमिंग टेबलाचा पाय, सगळीकडे पाय वर होणार. आत येण्याआधी मैदानाच्या कडेला दहा मिनिटं फिरवून मोकळा करा, आणि मांडवात पट्टा एवढा आखूड की डोकं तुमच्या मांडीपाशी. तरी केलंच तर पाण्याची बाटली ओता आणि ज्याची वस्तू त्याला सांगा. न सांगता सटकलेलं दिवसभर लक्षात राहतं लोकांच्या. विष्ठेच्या पिशव्या निदान सहा घ्या. प्रवासानं आणि माईकच्या आवाजानं पोट बिघडतं, दोन पुरत नाहीत. रिंगमध्ये केली तर लाजायचं कारण नाही, स्टुअर्डला हात करा, उचला, पुढे चला.

गुंडाळणारा लांब पट्टा घरी ठेवा. चहाच्या टपरीपाशी माणूस मोबाइलमध्ये आणि कुत्रा पाच मीटरवर दुसऱ्याच्या पगच्या तोंडाशी, हे दर शोला दिसतं.

एन्ट्री नसलेला कुत्रा सोबत आणायचा नाही. “घरी एकटा राहत नाही” म्हणून आणलेला दुसरा कुत्रा गेटवरच अडवतात. पिल्लं विकायला आणणं तर मुळीच नाही.

लहान मुलं येतात, हात लावू का विचारतात, काही न विचारताच लावतात. तुमचा जर लाजरा असेल तर सरळ म्हणा, “बाळा, आत्ता नको, त्याची परीक्षा आहे. झाल्यावर ये.” ओरडू नका. निम्मं पब्लिक पहिल्यांदाच कारवान बघत असतं, आणि ग्रेहाउंड आहे का हा प्रश्न तीसेक वेळा येणार याची तयारी ठेवा.

---

वेताळटेकडी

रिंगसाइड यांच्याशी सहमत, पण कारवानासाठी मुख्य प्रश्न तोंड आणि हात. त्यावर लिहितो.

परक्यानं अंगाला हात लावलेला न आवडणं हे या जातीत मुरलेलं आहे. पश्मी या लांब केसांच्या हाउंडमध्येही तेच. राखणीला आणि शिकारीला वाढवलेला कुत्रा, त्याला लॅब्राडॉरसारखं कुणाच्याही गळ्यात पडायला लावू नये. जाणकार जज ते ओळखून असतो. पण मागं सरणं वेगळं आणि गुरगुरणं वेगळं. मागं सरला तर बहुतेक जज दुसरी संधी देतात. गुरगुरला किंवा दात दाखवले तर रिंगबाहेर, आणि ते योग्यच आहे. चावेल अशी शंका असेल तर एन्ट्रीचे पैसे गेले म्हणायचं आणि नेऊच नका.

तुमच्या हाताशी तीन-चार आठवडे असतील तर असं करा. ओळखीतली पण घरातली नसलेली माणसं हवीत, दहा-बारा तरी. बाया, पुरुष, टोपीवाले, गॉगलवाले. एकानं समोरून थोडं तिरकं चालत यावं, थांबावं, हाताची मागची बाजू कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर धरावी. डोक्यावरून हात आणायचा नाही. मग हात छातीवरून खांद्यावर, पाठीवर, कमरेवर, मांडीवर, एका संथ ओघात, मध्ये उचलायचा नाही. उचलून परत ठेवलेला हात कुत्र्याला दर वेळी नवा स्पर्श वाटतो. सगळं मिळून दहा सेकंद. खाऊ कधी द्यायचा हे महत्त्वाचं: हात अंगावर असताना थोडा थोडा चाटू द्यायचा, हात निघाला की खाऊ बंद. अनेकजण उलट करतात, माणूस गेल्यावर खाऊ देतात, आणि कुत्रा शिकतो की माणूस गेला की बरं होतं. दिवसाला तीन वेळा, एका वेळी दोनच माणसं. नर आहे, त्यामुळे दोन्ही वृषणं खाली आहेत का हे जज मागून हात घालून बघतो. हा स्पर्श घरी कुणीच शिकवत नाही आणि रिंगमध्ये कुत्रा त्यालाच दचकून बसकण मारतो. तोही सरावात घ्या.

दात: “तोंड उघडणं” हा शब्दच डोक्यातून काढा. जबडा उघडायचा नसतो, ओठ उचलायचे असतात. डावा तळवा हनुवटीखाली, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी वरच्या ओठाच्या दोन बाजूंना, नाकपुड्या झाकायच्या नाहीत. ओठ वर, पुढचे दात मिटलेले दिसले पाहिजेत, वरचे दात खालच्यांच्या पुढे आणि त्यांना टेकलेले. मग एका बाजूचा ओठ मागे, मग दुसरा, दाढांपर्यंत. तीन-तीन सेकंद. नाक दाबलं गेलं की श्वास अडतो, कुत्रा डोकं झटकतो, आणि आपण म्हणतो तोंडाला हात लावू देत नाही. घरी पहिले चार दिवस नुसता ओठाला बोट लावून खाऊ.

रिंगमध्ये जज तोंडाकडे आला की शांतपणे “शॅल आय शो?” विचारा. कोविडनंतर अनेक जज हे काम हँडलरकडूनच करून घेतात. एकाच हातानं ओळीनं वीस तोंडं चाचपली की एकाचं दुसऱ्याला लागतं, म्हणून ही पद्धत तशीही बरी.

आता मतभेद. पुष्कळ लोक सांगतात, जज येताना मान घट्ट धरा. कारवानाला हे उलटं लागू पडतं. जज दोन मीटरवर आला की मालकाचा श्वास अडकतो, पट्टा ताणला जातो, आणि कुत्र्याला कळतं की काहीतरी वाईट येतंय. पट्टा कानामागे उंच, तळहातात घडी करून गोळा केलेला, पण गळ्यापाशी एक बोट जाईल एवढा सैल. टोक लोंबत ठेवायचं नाही, पायात येतं. तुमचा गुडघा त्याच्या खांद्याला हलका टेकलेला, म्हणजे त्याला आधार कळतो. मागं सरलाच तर खेचून जागेवर आणू नका. “सॉरी”चा पाढा नको, “वन मोमेंट” म्हणून एक छोटं वर्तुळ मारा आणि पुन्हा उभा करा.

उभं करण्याचा क्रम: आधी डोकं, मग जजच्या बाजूचा पुढचा पाय कोपराशी धरून, मग पलीकडचा, मग मागचे पाय. पुढचे खांद्याच्या बरोबर खाली, मागच्या पायांचे घोट्याखालचे भाग जमिनीला काटकोनात. जर्मन शेफर्डसारखा मागचा पाय ताणू नका, कारवानाच्या कमरेची नैसर्गिक रेघ मोडते. शेपूट हातानं धरायची नाही.

आणखी एक, चालीबद्दल. काही कुत्री पळताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतात, उंटासारखे. हळू चालवलं की हे जास्त होतं. थांबा, छोटं वळण घ्या आणि जरा जोरात निघा, चाल सुटते. मैदानात एकट्यानं सराव करताना कुणाला तरी बाजूनं व्हिडिओ घ्यायला सांगा, पट्टा धरणाऱ्याला हे दिसत नाही.

---

गुरंढोरं_डॉक्टर

पशुवैद्यक म्हणून थोडक्यात.

दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावू नका, कितीही गोड असला तरी. एकतर त्याचे केस तासभर खपून बसवलेले असतात. दुसरं, शोमध्ये शेकडो कुत्री आणि चार-पाच महिन्यांची पिल्लं एकत्र येतात. पार्वोचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा) विषाणू हातावर, बुटांवर, क्रेटच्या तळाशी टिकतो आणि फिनाईलनं मरत नाही. घरी आल्यावर क्रेट आणि बुटाचे तळवे धुऊन घरगुती ब्लीच ३० भाग पाण्यात १ भाग असं मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं धुवा. आधी घाण काढलीच पाहिजे, शेणामातीवर ब्लीच निकामी होतं. घरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल तर शोवरून आलेल्या कुत्र्याला दोन आठवडे त्याच्यापासून लांब ठेवा. खोकला किंवा पातळ शी असलेला कुत्रा शोला आणणं याइतका मोठा असभ्यपणा दुसरा नाही. लस शोच्या आदल्या दिवशी टोचून घेऊ नका, परिणाम यायला वेळ लागतो आणि कुत्रा मलूल होतो ते वेगळंच. निदान तीन आठवडे आधी.

माजावर आलेली मादी असेल तर शेड्यूलमध्ये काय लिहिलंय ते वाचा, आणि परवानगी असली तरी स्टुअर्डला आधी सांगून नरांपासून लांब, रांगेत शेवटी. तुमचा नर आहे, त्यामुळे तो अचानक खायचं सोडून हवेत नाक धरून उभा राहिला तर कारण हे असू शकतं. त्याला रागावू नका, जागा बदला.

ऊन: डिसेंबरातही पुण्यात दुपारी मैदानावर चटका असतो. गाडीत कुत्रा ठेवायचा नाही. बाहेर २९ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४० होतात, काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. शेजारच्या गाडीत कुत्रा धापा टाकताना दिसला तर लाजू नका, माईकवरून गाडीचा नंबर पुकारायला सांगा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटत असतील तर सावली, अंगभर साधं गार पाणी, आणि वारा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली वाफ कोंडते. आणि लगेच मैदानावरच्या डॉक्टरकडे. हे पग, बुलडॉग यांच्यात आधी होतं, पण काळ्या कारवानालाही होतं.

प्रवासाआधी सहा-आठ तास जड जेवण नको. पाणी घरचं आणा.

---

माळरान

बापरे, एवढं सविस्तर. आभार सगळ्यांचे. तीन शंका उरल्या. एक, कपडे. दोन, आमच्या भागात याला कुणी मुधोळ म्हणतं कुणी कारवान, फॉर्मवर कारवान लिहिलंय, कुणी हटकेल का? तीन, एकजण म्हणाला की पैसे देऊन हँडलर घे. हा परक्याजवळ जाईल का ही शंका आहे.

---

रिंगसाइड

कपडे: सपाट तळव्याचे, गवतावर न घसरणारे बूट. सकाळी दव असतं. कुत्र्याच्या रंगाच्या उलट रंगाची पँट. कुत्रा फिका बदामी असेल तर खाकी घालू नका, जजला पायाची रेघ वेगळी दिसत नाही. ओढणी, लोंबणारं आयकार्ड, खिशात किल्ल्या-सुटे पैसे, काही नको. वाकलात की ते कुत्र्याच्या तोंडावर येतं किंवा खुळखुळतं. फोन घरच्यांकडे.

नाव: केसीआय या जातीची नोंद कारवान हाउंड म्हणून करते, आयएनकेसी (इंडियन नॅशनल केनल क्लब) मुधोळ हाउंड म्हणून. तुमच्या सर्टिफिकेटवर जे आहे तेच फॉर्मवर. रिंगबाहेर कर्नाटकातलं कुणी भेटलं आणि “हा मुधोळच” म्हणालं तर वाद घालत बसू नका, त्यात दुपार जाते. २००५च्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंड छापलंय, हे दोन्ही बाजूंचे लोक पुरावा म्हणून देतात.

हँडलर: रिंगमध्ये पहिल्यांदाच भेटणार असेल तर अजिबात नको. वेताळटेकडींनी सांगितलेला सराव हँडलरबरोबर निदान चार-पाच वेळा झाला पाहिजे. आणि घेतलाच तर आधी विचारा की त्याच रिंगला त्याच्याकडे दुसरा कुत्रा आहे का. दोन कुत्री एकाच वेळी आत आली की तुमचा कुणा पोऱ्याच्या हातात जातो. शिवाय हँडलर आत असताना तुम्ही दोरीबाहेरून नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत, शिट्टी नाही, डबा वाजवायचा नाही. कुत्र्यानं कान टवकारावेत म्हणून लोक करतात. जज त्यावर कुत्र्याला बाहेर काढू शकतो. तुम्हाला बघून तो तिकडेच ओढत असेल तर दुसऱ्याच्या पाठीमागे उभं राहा.

---

मधली_आळी

निकालानंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

जज हात करतो त्या क्रमानं जाऊन उभं राहायचं. पहिल्याचं अभिनंदन, हात मिळवून, तिथेच, पाठ फिरवण्याआधी. चौथा आलात तरी रिबन घ्यायचं, “थँक यू” म्हणायचं. रिबन न घेता निघून जाणं, बाहेर आल्यावर पहिल्याच डस्टबिनात टाकणं, हे सगळं दिसत असतं. कुत्र्यावर राग काढू नका, पट्ट्याचा एक झटकासुद्धा नको. त्याला कळत नाही की चौथा आला. त्याला कळतं की रिंगमधून बाहेर आलं की मार बसतो, आणि पुढच्या शोला तो आत यायलाच तयार होत नाही.

जजचं मत विचारायचं असेल तर त्याचं दिवसाचं काम संपल्यावर, स्टुअर्डकरवी. “का नाही दिलं?” असं नको. “कुठे सुधारता येईल?” असं विचारा, आणि ऐकून घ्या. चालत्या रिंगच्या दोरीवरून वाकून विचारणारे असतात, त्यांना मिळतं ते उत्तर नसतं, सुटका असते.

खरंच नियमभंग दिसला, म्हणजे रंग लावलेला, वय खोटं, कुत्राच वेगळा, तर शो सेक्रेटरीकडे लेखी, शेड्यूलमध्ये दिलेल्या मुदतीत आणि फी भरून. माईकवर नाही, आणि रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. दुसऱ्याच्या कुत्र्याचा फोटो टाकून “याला कसं दिलं” लिहिणारा माणूस पुढची दहा वर्षं त्याच लोकांच्या शेजारी रांगेत उभा राहणार असतो. कारवानवाले तर मोजकेच. फोटो टाकायचाच असेल तर मालकाला विचारून, आणि उभं करताना अर्धवट वाकलेल्या पायाचा टाकू नका.

---

तीन_लॅब

एक राहिलं. नंबर लावायला मिळणारा रबर बऱ्याचदा जुनाट असतो, दुसऱ्या फेरीला तुटतो आणि कागद वाऱ्यानं उडून शेजारच्याच्या कुत्र्याच्या पायात जातो. दोन सेफ्टी पिना खिशात टाका. टोचणाऱ्या बाजूचं तोंड आपल्याकडे, कुत्र्याकडे नाही.